१८८५ च्या गॅझेटियरात २००५ चा महापूर: एका थिसिसमधल्या ‘इबिड’चं प्रकरण

पान १४३, तळटीप २११. वर मजकुरात वाक्य असं की २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि साठवलेली हळद कुजून गेली. खाली टिपेत आधार काय, तर ‘इबिड.’, म्हणजे लगेच वरच्या टिपेतलाच ग्रंथ, आणि तिच्या बरोबर वरची टीप २१० म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा खंड, १८८५. म्हणजे इंग्रजानं एकशेवीस वर्षं आधीच कृष्णेचा पूर बघून लिहून ठेवला होता म्हणायचं. रेफरींनी, म्हणजे थिसिस तपासणाऱ्या परीक्षकांनी, कडेला शब्दसुद्धा लिहिला नव्हता, लाल पेनानं नुसती तीन प्रश्नचिन्हं काढली होती, आणि रिपोर्टात शेवटी एक ओळ, ‘सर्व तळटिपा तपासून दुरुस्त प्रत सादर करावी’. ते ‘सर्व’ वाचूनच थिसिस लिहिणाऱ्या मॅडमच्या पोटात गोळा आला.

मी सांगलीत थिसिसचं टायपिंग, सेटिंग आणि बाइंडिंगचं काम करतो, बावीस वर्षं झाली. श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टपासून आताच्या युनिकोडपर्यंत सगळं बघितलंय. हे एकच प्रकरण सविस्तर लिहितोय कारण दरवर्षी चार-पाच जण हाच आजार घेऊन दुकानात येतात आणि सगळ्यांना वाटतं आपल्याच फाईलमध्ये व्हायरस आहे. मॅडमना विचारूनच लिहितोय, नाव-गाव मात्र देत नाही.

मॅडम ज्युनिअर कॉलेजला शिकवतात, विषय इतिहास, थिसिस मराठीत, हळदीच्या व्यापारावर. हरिपूर माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, सांगलीला लागून कृष्णा-वारणेच्या संगमावरचं गाव, संगमेश्वराचं देऊळ आहे तिथं, आणि तिथली पेवं म्हणजे जमिनीत खणलेले हळद साठवायचे खड्डे, तोंड अरुंद आणि पोट मोठं, आत हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड लागायची नाही. २००५ च्या पुरानं त्या पेवांची वाट लावली, २०१९ ला परत पूर आला. मधे २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, म्हणजे नाव झालं तेव्हा निम्मी पेवं बुजलेली होती, ही माझी नाही, मॅडमच्या चौथ्या प्रकरणाची तक्रार. विषय चांगला, कष्टही खरे. व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्या बघितल्या, हरिपुरात जाऊन एका आबांच्या तीन मुलाखती घेतल्या. आबांचं आयुष्य पेवं भरण्यात आणि उपसण्यात गेलेलं, त्या पुरात ते स्वतः तिथं होते.

आता सांगलीच्या थिसिसमध्ये साताऱ्याचं गॅझेटियर का, तर तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. सांगली पटवर्धनांचं संस्थान, आणि तासगाव, वाळवा, खानापूर हे साताऱ्यात. १९४९ ला दक्षिण सातारा म्हणून जिल्हा झाला आणि १९६० ला त्याचं सांगली झालं. त्यामुळं इकडच्या कुणालाही जुन्या शेतीबद्दल काही लिहायचं तर साताऱ्याचा तो खंड उघडावाच लागतो.

तर लॅटिन कुठून आलं. गाईडसाहेबांकडून. सरांचा आग्रह की इबिड, ऑप. सिट., लोक. सिट. असल्याशिवाय प्रबंध प्रबंधासारखा दिसत नाही. सरांनी स्वतःचा थिसिस टाईपरायटरवर करून घेतलेला, तेव्हा ते बरोबरच होतं. टाईपरायटरवर पुस्तकाचं आख्खं नाव चाळीस वेळा कोण बडवणार, आणि पान एकदा टाईप झालं की ते हलत नाही. मॅडमनी ऐकलं. मराठी मजकूर, खाली मराठी पुस्तकाचं नाव, त्याखाली इंग्रजी अक्षरात इबिड, मग परत मराठी, अशी खिचडी. त्यात अर्धा थिसिस आधी दुसरीकडं श्रीलिपीत झालेला, तो युनिकोडला कन्व्हर्ट करताना इंग्रजी इबिडचं मराठीत काहीतरी अगम्य अक्षरांचं कडबोळं झालं आणि आमच्या पोरानं एकेक शोधून ते हातानं परत घातलं. तेव्हाच मला शंका यायला पाहिजे होती खरं तर. नाही आली, सीझन होता, तीन थिसिस रांगेत होते.

मी मॅडमना विचारलं, इबिड म्हणजे काय हो नक्की? त्या म्हणाल्या, ‘वरचंच.’ अगदी तसंच नाही. मूळ शब्द इबिडेम, अर्थ ‘त्याच ठिकाणी’, म्हणजे लगेच वरच्या टिपेत जे पुस्तक आहे त्यातच. ऑप. सिट. म्हणजे ओपेरे सितातो, ‘आधी उल्लेखलेल्या ग्रंथात’, हा लगेच वरचा नसला तरी चालतो पण लेखकाचं नाव सोबत द्यावं लागतं. लोक. सिट. म्हणजे लोको सितातो, त्या ग्रंथातलं तेच ठिकाण. मी काही लॅटिन शिकलेलो नाही, बावीस वर्षं लोकांच्या चुका दुरुस्त करून जेवढं कळलं तेवढं.

आणि गंमत बघा, मॅडम ज्या व्यापाऱ्यांच्या वह्या वाचत होत्या त्यात हेच सगळं होतं, फक्त लॅटिन नव्हतं. वरच्या ओळीत जे लिहिलंय तेच खाली असेल तर ‘कित्ता’. आधी गावाचं नाव येऊन गेलं असेल तर नंतर ‘कसबे मजकूर’, वर्ष येऊन गेलं असेल तर ‘सन मजकूर’. कित्ता म्हणजे आपला इबिड आणि मजकूर म्हणजे ऑप. सिट. म्हणा की. दोन्ही शब्द अरबीतून दफ्तरात आले आणि इथं मुरले. मॅडमच्या फोनमध्ये एका वहीचा फोटो होता, एका पानावर एका आसामीच्या नावाखाली सात कित्ते एकाखाली एक, शेवटचा तर नुसता फराटा. आणि एकही चुकलेला नाही. का चुकेल? शाईनं लिहिलेली ओळ कुणी कट-पेस्ट करत नाही.

इथंच सगळं प्रकरण आहे. इबिडला स्वतःची ओळख नसते, त्याची ओळख म्हणजे त्याच्या डोक्यावर कोण बसलंय ते. वर्डमध्ये तळटीप घातली की नंबर आपोआप बदलतात, मधे एक टीप घुसली की पुढच्या सगळ्या एकानं सरकतात, त्यामुळं माणसाला वाटतं कॉम्प्युटर सगळं सांभाळतोय. नंबर सांभाळतो. टिपेच्या आत लिहिलेलं इबिड हा त्याच्या दृष्टीनं चार अक्षरांचा शब्द, त्याला काय माहीत तो कुणाकडं बोट दाखवतोय.

मॅडमच्या फाईलमध्ये झालं असं. चौथ्या प्रकरणात टीप होती आबांची मुलाखत, तारखेसकट, आणि पुढची टीप पुराच्या वाक्याला, इबिड, म्हणजे आबांचीच मुलाखत. एकदम बरोबर. मग सबमिशनच्या पंधरा दिवस आधी सर म्हणाले की दुसऱ्या प्रकरणातला जुन्या शेतीचा परिच्छेद चौथ्यात घ्या, तिथं पार्श्वभूमी कमी पडतीय. मॅडमनी रात्री अकरा वाजता उचलला आणि ठेवला, बरोबर त्या दोन वाक्यांच्या मधे. परिच्छेदासोबत त्याची तळटीपही आली, गॅझेटियर, १८८५. झालं. आबा वर राहिले, मधे इंग्रज येऊन बसला आणि खालच्या इबिडनं आबांचा हात सोडून इंग्रजाचा धरला.

बरं हे नुकसान एका बाजूचं. परिच्छेद जिथून उचलला तिथंही घाण होते, ते कुणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या प्रकरणात त्या गॅझेटियरच्या टिपेखाली दोन इबिड होते, ते गॅझेटियरला धरून होते, ते आता उघडे पडले आणि त्यांच्या वरची जी कोण टीप होती, एक १९७० च्या दशकातला बाजार समितीचा अहवाल, तिला जाऊन चिकटले. त्या अहवालाच्या नावावर मग इंग्रजांच्या काळातला शेतसारा जमा झाला. हे रेफरींच्या नजरेतूनही सुटलं होतं, आम्हाला सापडलं.

एकूण तळटिपा ३४६. त्यात इबिड ९७, ऑप. सिट. ३५, लोक. सिट. ६. मी मॅडमना म्हणालो, नवीन फाईल बंद करा, जुनी काढा. त्यांच्या जीमेलमध्ये मार्च महिन्यातली एक फाईल निघाली, सरांना पाठवलेली, हलवाहलवी व्हायच्या आधीची. नशीब. वर्डमध्ये दोन फाईली शेजारी ठेवून कंपेअर करता येतं, ते केलं, पण त्यानं फक्त काय हललं ते कळतं, कोण कुणाचा ते कळत नाही. ते हातानंच. जुन्या फाईलमध्ये प्रत्येक इबिडपासून वर वर जात पहिलं खरं नाव गाठायचं आणि ते त्या टिपेत लिहायचं, मग नवीन फाईलमध्ये तेच वाक्य शोधून तिथं घालायचं. मॅडम, मी आणि आमचा पोरगा, तीन संध्याकाळी. पोरगा मोठ्यानं वाचायचा, ‘इबिड, वर इबिड, वर इबिड, वर... आबा!’ आणि मॅडम लिहायच्या. शेजारचा झेरॉक्सवाला येऊन विचारून गेला, काय भजन चाललंय काय.

९७ पैकी ६१ बरोबर निघाले. २९ चुकीच्या जागी चिकटलेले, पण जुन्या फाईलवरनं मूळ सापडलं. ७ चा जुन्या फाईलमध्येही पत्ता नाही, म्हणजे त्याच्याही आधी कधीतरी काहीतरी हललं होतं. त्यातले चार फोनमधल्या वह्यांच्या फोटोंवरनं मॅडमनी ओळखले. उरलेल्या तिघांचा आधार कुठंच मिळेना, शेवटी ती तीन वाक्यं मॅडमनी काढून टाकली. मला हे आवडलं, कारण बाकी बरेच जण अशा वेळी कुठलंतरी पुस्तक ठोकून देतात, कोण बघतंय म्हणून.

ऑप. सिट.ची वेगळीच तऱ्हा. एका लेखकाची दोन पुस्तकं वापरलेली, दोन्ही बाजारपेठेवरची, आणि टिपेत नुसतं आडनाव, ऑप. सिट., पृ. ८८. कुठल्या पुस्तकाचं ८८? दोन्ही पुस्तकं ग्रंथालयातनं परत काढली आणि दोन्हीची ८८ पानं वाचली. शिवाय पहिला उल्लेख पान १९ वर आणि ऑप. सिट. पान १७६ वर, वाचणाऱ्यानं दीडशे पानं मागं जायचं. वाचणारा जात नाही, त्याला तेवढा वेळ नाही, तो विश्वास ठेवतो नाहीतर तीन प्रश्नचिन्हं काढतो.

मग सरांकडं गेलो दोघं. सर चांगले आहेत तसे, चहा पाजला. मी म्हणालो सर, इबिड काढूया. सर म्हणाले, ‘हरकत नाही, लॅटिन नको असेल तर तत्रैव घाला, मराठी प्रबंध आहे, शोभेल.’ आणि ऑप. सिट.च्या जागी उपरोक्त. मॅडम मान डोलवायला लागल्या, मला मधे पडावं लागलं. अहो सर, तत्रैव म्हणजे ‘तिथंच’. इबिड म्हणजे ‘तिथंच’. लॅटिनचं संस्कृत केलं तर फक्त भटजी बदलला, मुहूर्त तोच. उद्या परत परिच्छेद हलला की तत्रैवसुद्धा तसाच इंग्रजाच्या मांडीवर जाऊन बसणार. सर हसले पण लगेच मानले नाहीत, म्हणाले जगभर चालतं हे.

जगभर चालायचं, हे खरं. पण आता त्या लोकांनीच हात आखडता घेतलाय. तळटिपांच्या बाबतीत ज्याचा हवाला सगळे देतात त्या शिकागो मॅन्युअलनं २०१७ च्या सतराव्या आवृत्तीत सांगून टाकलं की इबिडपेक्षा छोटं नाव देणं बरं, म्हणजे लेखकाचं आडनाव, पुस्तकाचं आखूड नाव आणि पान. ऑप. सिट. आणि लोक. सिट. तर त्यांनी त्याच्या कितीतरी आधीच सोडलेत. एपीए, म्हणजे अमेरिकेतल्या मानसशास्त्र संघटनेच्या, पद्धतीत इबिड नाहीच, तिथं कंसात आडनाव आणि साल. मी हे मोबाईलवर सरांना दाखवलं. मग म्हणाले, ‘शिकागो म्हणतंय तर करा.’ दुकानदार म्हणतोय ते चालत नाही, शिकागो चालतं. असो, काम झालं.

न्याय्य बोलायचं तर इबिड वाचवायचा एक मार्ग आहे, झोटेरोसारखं संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरलं तर परिच्छेद हलला की इबिड आपोआप सुधारतं, कारण तिथं इबिड हा शब्द नसतो, मागं खरी नोंद बांधलेली असते. पण आमच्याकडं येणाऱ्या शंभरातल्या किती जणांनी पहिल्या दिवसापासून वापरलेलं असतं ते मला विचारू नका. जे हातानं टाईप करणार त्यांनी इबिडच्या वाटेला जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं. फार तर अगदी शेवटच्या प्रतीत, पान-पान गोठल्यावर, आणि तेव्हाही कशाला, चार शब्द वाचवून काय मिळतं.

सगळं लॅटिन मात्र आम्ही काढलं नाही. सिक ठेवलं, फक्त मराठीत ‘मूळ लेखन असेच’ म्हणून. वहीत ‘हाळद’ लिहिलंय, ते तसंच उतरवलं पाहिजे आणि ही चूक टायपिस्टची नाही हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर शिव्या आम्हाला बसतात. एट अल. म्हणजे ‘आणि इतर’, तिथं मराठीत ‘व इतर’ केलं, अर्थ जागेवर अवलंबून नाही त्यामुळं धोका नाही. सीएफ. मात्र मॅडमनी दहा-बारा ठिकाणी ‘पाहा’ या अर्थानं टाकलेलं, ते कॉन्फर, म्हणजे ‘ताडून बघा’, तिथं दुसरं मत असलं पाहिजे. दोन ठिकाणी खरंच दुसरं मत होतं, तिथं ‘तुलना करा’ लिहिलं, बाकी ठिकाणी साधं ‘पाहा’.

आणि हळदीचं शास्त्रीय नाव. कुर्कुमा लोंगा, लिनियसनं १७५३ ला दिलेलं. मॅडमनी दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर कॅपिटल केलेलं, सगळेच करतात, लग्नपत्रिकेतल्या नावासारखं. पहिला शब्द कॅपिटल, दुसरा लहान, दोन्ही तिरके, पुढं लिनियसचं एल सरळ. हे लॅटिन बदलायचं नाही, कारण हळदीला मराठीत हळद, हिंदीत हल्दी, तमिळमध्ये मंजळ, पण रोप कुठलं ते जगात सगळ्यांना याच नावानं कळतं. त्यातला कुर्कुमा मूळ लॅटिन नाहीच म्हणे, अरबी कुरकुमवरनं घेतलेला. म्हणजे कित्त्यासारखाच, अरबीतनंच आलेला.

दुरुस्त प्रत गेली. महिन्या-दीड महिन्यानं व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, लागला. व्हायवासुद्धा लॅटिनच, व्हिव्हा व्होचे, ‘जिवंत आवाजानं’. पीएचडीतले पी आणि एच फिलॉसॉफीए, तेही लॅटिन, आणि त्यासाठी रजा मागताना कॉलेजातनं काढतो ते बोनाफाईड पण लॅटिन. एकेकाळी युरोपात आख्खा थिसिसच लॅटिनमध्ये लिहायचे, समाजशास्त्राची पोरं ज्या दुर्खेमच्या नोट्स पाठ करतात त्या दुर्खेमलाही फ्रान्समध्ये डॉक्टरेटसाठी दुसरा प्रबंध लॅटिनमध्येच द्यावा लागला होता, १८९२ ला छापलाय तो. आता त्याची शेपटं राहिलीत.

व्हायवात रेफरींनी हसत विचारलं, त्या महापुराचं काय झालं? मॅडमनी वहीचा फोटो दाखवला, सात कित्ते असलेला, आणि सांगितलं की सर ही ओळ हलत नाही म्हणून चालतं, माझी हलली. रेफरी म्हणे पाच मिनिटं तो फोटोच बघत बसले, हळदीचे भाव वाचत. पुढचे प्रश्न सगळे वह्यांवर आले.

काळ्या बाइंडिंगच्या प्रती घेऊन जायच्या दिवशी मॅडम एक जादा प्रत करून घेऊन हरिपूरला आबांना द्यायला गेल्या, मीही सोबत गेलो, पेवं बघायची होती. आबांनी चष्मा लावला, मजकूर वाचलाच नाही, पानांच्या तळाशीच बोट फिरवत गेले. पूर्वीच्या प्रतीत त्यांचं नाव चार ठिकाणी होतं, बाकी सगळीकडं इबिड. आता प्रत्येक ठिकाणी आडनाव, मुलाखत, हरिपूर, तारीख. सुनेला हाक मारली, पेन मागवलं, आणि पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला रेघा मारत मोजत बसले, पाचावर आडवी रेघ, हळदीची पोती मोजतात तशी. सत्तावीस भरले. मग म्हणाले, ‘एकशेबावन्नावर तारीख चुकलीया बगा, त्या दिवशी मी मिरजेला हुतो.’